कष्टकऱ्यांचा कुलवृत्तांत

उन्हाळ्याच्या तोंडाशी, ऊन उतरल्यावर सतरंजीवर बसून व्याख्याने ऐकावयाची ही महाराष्ट्रातील गावांची जुनी आवड आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे गावोगावी तिची धाकटी भावंडे जन्मास आली. अशा मालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे ते एखाद्या प्राध्यापकाने किंवा संशोधकाने, असा रिवाज आहे. आम्ही या दोहोंपैकी कोणीच नव्हे. आठवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे वाचन झाले ते नगर वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. इचलकरंजीच्या यंत्रमाग कामगारांत तीसेक वर्षे वावरताना जे कागद हाताखालून गेले आणि जी माणसे भेटली, त्यांच्या आधारावर आम्ही या व्यासपीठावर बोललो. ते बोलणे थोडे नीटनेटके करून येथे मांडीत आहोत.

विषय सुचला तो एका आमंत्रणामुळे. आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस त्यांच्या कुलसंमेलनास नेले होते. एका आडनावाची तीन-साडेतीनशे माणसे एका मंगल कार्यालयात जमली होती. सकाळी कुलदैवताची पूजा झाली, मग घराण्यातील सर्वांत वयोवृद्ध आजींचा सत्कार, मग गुणवंत मुलामुलींना बक्षिसे. भिंतीवर सबंध वंशवृक्ष लावलेला होता. मुले त्यावर स्वतःचे नाव बोटाने शोधीत होती आणि सापडले की आईला हाक मारीत होती. दुपारी जेवणाच्या पंगतीत नागपूरचा एक गृहस्थ आणि रत्नागिरीचा एक गृहस्थ यांनी आपापले पणजोबा सख्खे भाऊ असल्याचा शोध लावला आणि दोघांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यात नाटकीपणा काही नव्हता. आम्ही पाहत होतो आणि आम्हांसही गहिवरून आले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हे सारे आम्ही रंगवून सांगितले. मागावर काम करणारा एक तरुण सभासद ऐकत बसला होता. तो म्हणाला, "अण्णा, आमच्या आज्याच्या पलीकडचं नाव मला ठाऊक न्हाई. आमी संमेलन कुणाचं भरवायचं?"

या प्रश्नाला त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर शोधता शोधता हा विषय तयार झाला.

कुळाचा इतिहास लिहून ठेवण्याचा उद्योग आपल्याकडे कसा सुरू झाला, हे आधी पाहिले पाहिजे. तो हौसेतून निघालेला नाही. तो तंट्यातून निघाला. मराठेशाहीत पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेने चालत. वडिलांची पाटीलकी कोणाकडे जावयाची, थोरल्या शाखेचा मान कोणता आणि धाकटीचा कोणता, यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणे होत. भांडण गोतसभेपुढे गेले की वादी-प्रतिवादी आपापला करीना, म्हणजे घराण्याची हकीकत, लिहून देत. तीत मूळ पुरुषापासूनची वंशावळ असे. निकालाचा कागद म्हणजे महजर. त्यावर गावच्या वतनदारांच्या आणि बलुतेदारांच्या साक्षी पडत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या हत्याराची निशाणी काढीत : पाटलाचा नांगर, परिटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. पुढे इंग्रजी अमलात १८५२ साली इनाम कमिशनचा कायदा आला. इनाम खरे की खोटे हे सिद्ध करण्याची पाळी घराण्यांवर आली आणि माळ्यावरचे रुमाल खाली निघाले. हक्क टिकवावयाचा म्हणून कागद टिकले. आणि कागद टिकले म्हणून पुढे त्या घराण्यांचा इतिहास लिहिता आला.

हे रुमाल विद्येच्या कामी लावण्याचे श्रेय इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्यांचे आहे. १८९८ सालापासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यासाठी वाडे-वस्त्या पायी तुडवल्या. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. जुन्या कागदांविषयी सुशिक्षितांत जी आस्था त्या काळी उत्पन्न झाली, तिच्याच मागोमाग कुलवृत्तांतांची परंपरा आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून चित्पावन घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापण्यास सुरुवात केली. पुढे इतर ज्ञातींतही ती हौस पसरली. मॉरीन पॅटरसन या अमेरिकन विदुषींनी १९६८ साली याच कुलवृत्तांतांच्या आधारे एक निबंध लिहिला. एका समाजाने कोकण केव्हा सोडले, शिक्षण कसे घेतले, नोकऱ्या कोठे धरल्या, हे या खाजगी समजल्या जाणाऱ्या पुस्तकांतून किती बारकाईने समजते, ते त्यांनी दाखविले. चांगल्या कुलवृत्तांतात सुनांचे माहेर आणि लेकींचे सासरही नोंदलेले असते. हे काम ज्यांनी पदरमोड करून, पत्रांवर पत्रे पाठवून केले, त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे. पोस्टकार्डाला उत्तर न देणाऱ्या नातेवाइकांचा अनुभव वर्गणी गोळा करणाऱ्या युनियनवाल्यास नवीन नाही.

परंतु या परंपरेची मर्यादाही तिच्या जन्मातच आहे. ज्या घरी वतन, त्या घरी वंशावळ. गोव्यातील गावकरीचे उदाहरण पाहा. तेथे गावच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातील वाटा मूळ गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांस मिळे, म्हणून त्या पुरुषांची नोंद गावकरीच्या दप्तरी होत असे. ज्याला वाटा नाही, त्याला त्या वहीत नाव नाही. आणि वतन हा शब्द तरी सर्वांना सारखा कोठे होता? ज्या गावगाड्यात एका घराला पाटीलकीचा अभिमान होता, त्याच गावगाड्यात महार वतनाने दुसऱ्या घराला रात्रंदिवसाची राबणूक लावली होती. त्या जोखडातून सुटका व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. ते वतन कायद्याने गेले १९५८ साली. एकाच गावच्या दोन घराण्यांनी आपापला इतिहास लिहावयाचा म्हटले, तर एकाला वतन मिळाल्याची तारीख लिहावी लागेल आणि दुसऱ्याला सुटल्याची.

आता कोणी म्हणेल, कागद वतनदारांचे असतील, पण शेतकऱ्यांची नावे सांगणारे हेळवी होतेच की! होते, अजूनही आहेत. आमच्या गडहिंग्लज भागात सुगी झाली की बैल घेऊन हेळवी येत असे. बेळगाव, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यात ही मंडळी घरोघर वंशावळी वाचीत फिरतात. कानडीत हेळव म्हणजे पांगळा. एका पांगळ्या भक्तास बसवेश्वरांनी बैल दिला आणि घराण्यांची नावे सांगत फिरण्यास सांगितले, अशी त्यांच्या उत्पत्तीची आख्यायिका आहे. अंगणात घोंगडे टाकले जाई, हेळवी वही उघडी आणि एका सुरात नावे वाचू लागे. घरची म्हातारी माणसे माना डोलावीत. वाचन संपले की नव्या जन्मलेल्यांची नावे तो लिहून घेई आणि धान्य, कापड, ऐपत असेल तर पैसे घेऊन पुढच्या घरी जाई. नाशिक-त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्याही अशाच. यात्रेकरूने आपल्या गावाचे, बापाचे, आज्याचे नाव सांगावयाचे आणि वहीत आपल्या आधी कोण येऊन गेले ते ऐकावयाचे.

आमच्या घराची सात पिढ्यांची नावे हेळव्याने आम्हांस ऐकविली आहेत. ती सगळी पुरुषांची आहेत. त्यांपैकी कोण काय करीत होता, कोणाची जमीन कशी गेली, दुष्काळात कोण कोठे गेला, याचा त्यात शब्द नाही. आमच्या वडिलांच्या नावापुढे मात्र त्याने दोन शब्द जास्त वाचले : "मुंबईस गिरणीत". पुढच्या पानावर आमची भावंडे नव्हतीच. आम्ही मुंबईस असताना हेळवी येऊन गेला होता आणि आमची नावे सांगावयास अंगणात कोणी नव्हते.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापन केली. तेव्हापासून सव्वाशे वर्षे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर या जिल्ह्यांतील माणसे तिकडे जात राहिली. या माणसांच्या नोंदी झाल्या नाहीत असे नाही, पुष्कळ झाल्या. पण त्या त्यांच्या कुळासाठी नव्हत्या. गिरणीच्या दप्तरात माणूस म्हणजे खाते आणि तिकीट नंबर. बाप, आजा, गाव यांची गिरणीस गरज नव्हती. ती गरज होती गावकरी मंडळांना. गिरणगावात एकेका गावच्या लोकांनी खोल्या घेतल्या. वीस-पंचवीस माणसे पाळीपाळीने एका गाळ्यात झोपत. मंडळाच्या वहीत वर्गणी, गावच्या देवळासाठी दिलेले पैसे, आजाऱ्याला गावी पोचविण्याचा खर्च, मयताचा खर्च हे सारे लिहिलेले असे. गोव्याच्या खलाशांचे आणि आचाऱ्यांचे मुंबईतील कूड हे याच जातीचे. गावाच्या नावाचा क्लब, एक वेदी, भिंतीला लागून पेट्यांची रांग आणि सभासदांची वही. आमच्या मते कष्टकऱ्यांची खरी कुलसंमेलने या खोल्यांत रोज रात्री भरत होती. त्यांना संमेलन हे नाव मात्र कोणी दिले नाही, आणि खोल्या मोडल्या तेव्हा बहुतेक वह्या रद्दीत गेल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपाची बरीवाईट चर्चा पुष्कळ झालेली आहे. ती येथे करीत नाही. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणी कामगारांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून घेऊन २००४ साली मोठा ग्रंथ काढला, तो जिज्ञासूंनी पाहावा. आम्हांस सांगावयाचे आहे ते संपानंतर वीस-तीस वर्षांनी काय झाले ते. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधावयाचे ठरले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो पटावर होता तो कामगार, आणि तो नसल्यास त्याचा वारस, असा नियम झाला. पहिली सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. आणि मग घराघरांतल्या ट्रंका उघडल्या गेल्या. ओळखपत्र आहे का? तिकीट नंबर? हजेरीपास? पगाराची एखादी पावती? विम्याचे कार्ड? फंडाचा नंबर? ज्या कागदात तंबाखू बांधली गेली, ज्यावर मुलांनी अक्षरे गिरवली, तो कागद एकाएकी वतनाच्या सनदेइतका मोलाचा झाला. जुन्या वतनदारांच्या घरात जे १८५२ साली घडले, ते गिरणी कामगारांच्या घरात दीडशे-एक वर्षांनी घडले. फरक एवढाच की त्यांच्याकडे रुमाल होते.

हे अर्ज भरून देण्याचे काम आमच्याही कचेरीत चाले, कारण संपानंतर मुंबई सोडलेली पुष्कळ कुटुंबे इचलकरंजीच्या मागांवर आली होती. आम्ही शेकडो लोकांचे अर्ज भरले. स्वतःचा भरू शकलो नाही. त्याची हकीकत येथे सांगितली पाहिजे. ज्या चुलतभावाचा तीत संबंध आहे, त्याच्या संमतीने ती सांगत आहोत.

आमचे वडील १९६९ साली मुंबईस गेले आणि एका गिरणीच्या साचेखात्यात बदली कामगार म्हणून दारात उभे राहू लागले. त्यांचे चुलत थोरले भाऊ त्याच खात्यात कायम होते. १९७३ साली थोरल्यांच्या छातीने दगा दिला. ते गावी परतले. तिकीट सोडले तर कायमची जागा जाणार. म्हणून त्यांच्या तिकिटावर आमचे वडील जाऊ लागले. जॉबरला ठाऊक होते, खात्यातल्या सर्वांना ठाऊक होते. गिरणीने त्याकडे पाहिले नाही, कारण साचा चालत होता. अशी नऊ वर्षे गेली. वडिलांना खात्यात हाक मारीत ती थोरल्यांच्या नावाने. संप झाला, आम्ही गावी आलो, मग १९८४ साली इचलकरंजीस. वडील १९९९ साली वारले. अर्ज निघाले तेव्हा कागदावर पाहता आमचे वडील कोणत्याही गिरणीत कधी नव्हतेच. पटावर होते ते थोरले काका, आणि वारस होता चुलतभाऊ. त्याने अर्ज भरला. कायद्याने त्याचा तो हक्कच होता.

खोटे कशास बोलावे, आमच्या मनात अढी बसली. तो तोंड चुकवू लागला आणि आम्हीही त्याच्या दारावरून जाताना पाय उचलू लागलो. सबंध जन्म सामोपचाराने तंटे मिटविणाऱ्याच्या स्वतःच्या भावकीत सहा-सात वर्षे बोलणे बंद होते.

मग गावच्या जत्रेस सगळी भावकी जमली होती. कुलसंमेलन पाहून आलो होतो, त्या भरात आम्ही एक कोरी वही नेली होती आणि म्हाताऱ्या माणसांकडून नावे लिहून घेत होतो. थोरल्या काकूंजवळ बसलो. वय नव्वदीच्या आसपास, कान मंद, स्मरण मात्र लख्ख. काकांचे नाव लिहिले आणि पुढे "गिरणी कामगार, १९८२ पर्यंत" असे मोठ्याने वाचले. त्या म्हणाल्या, "न्हाई बाळ. ह्ये त्र्याहत्तरालाच घरी आलं. तिकिटावर नाव ह्यांचं हुतं, पर साच्यावर उभा तुझा बा हुता. पगारातलं आमाला दर म्हैन्याला लावून द्यायचा. माझी पोरं त्यावर जगली."

चुलतभाऊ शेजारीच बसला होता. महिन्याच्या मनिऑर्डरीची गोष्ट त्यास ठाऊक नव्हती; आम्हांसही नव्हती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्याने वही मागून घेतली आणि आमच्या वडिलांच्या नावापुढे स्वतःच्या हाताने ती नऊ वर्षे लिहिली. खाली दोघांनी सह्या केल्या. सोडतीत अद्याप त्याचा नंबर लागलेला नाही. लागला तर त्याचे काय करावयाचे ते दोघे मिळून ठरवू, असे त्यानेच म्हटले आहे. आम्हांस जे हवे होते ते त्या वहीत मिळाले.

ही हकीकत घरगुती आहे, पण इतिहासाच्या पद्धतीचा एक धडा तीत आहे, म्हणून सांगितली. हेळव्याच्या वहीत आमच्या वडिलांचे नाव होते, पण काम नव्हते. गिरणीच्या पटावर काम होते, पण नाव दुसऱ्याचे होते. खरी गोष्ट एका म्हातारीच्या तोंडी होती, आणि ती तरी निघाली केव्हा? आम्ही दोघे एकमेकांसमोर बसलो होतो तेव्हा. कष्टकरी घराण्याचा इतिहास असा तीन ठिकाणी विखुरलेला असतो : थोडा वहीत, थोडा सरकारी अथवा मालकाच्या दप्तरात आणि बराचसा माणसांच्या तोंडी. हे तुकडे वेगवेगळ्या माणसांकडे असतात. ती माणसे एकत्र बसल्याशिवाय ते जुळत नाहीत. वतनदार घराण्यात कागद आधी आणि संमेलन मागून झाले, तरी चालते. आपल्याकडे संमेलन आधी झाले पाहिजे. कागद त्यातून तयार व्हावयाचा आहे.

बायकांच्या बाबतीत तर तोंडी पुराव्यावाचून गतीच नाही. आमच्या आईने मुंबईच्या एका खोलीत बारा माणसांची खानावळ चालविली. गिरणीच्या पटावर ती नव्हती, शिधापत्रिकेवर होती ती आमच्या वडिलांची बायको म्हणून. तिचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांत होता आणि दर दिवाळीस तो पांढऱ्या मातीने सारवून जाई. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि खानावळवाल्या बायकांना बँकांची कर्जे मिळवून दिली. त्या बायकांची नावे बँकेच्या खात्यावर चढली, ही घटना आम्ही इतिहासातील मोठी घटना समजतो. लग्नात नाव बदलले जाते, आडनाव बदलते, गाव बदलते. मग आजीचे माहेरचे नाव नातवाला ठाऊक नसले तर नवल काय? आपल्या श्रोत्यांपैकी किती जणांना आईच्या आईचे पाळण्यातले नाव सांगता येईल, असे आम्ही व्याख्यानात विचारले. हात फार थोडे वर आले.

परदेशातही मजुरांच्या कुळाचा शोध याच अडचणीतून गेला आहे. मॉरिशसला २ नोव्हेंबर १८३४ रोजी पहिले गिरमिटिया मजूर उतरले, ते कलकत्त्याहून. पुढे मुंबई बंदरातून रत्नागिरीकडील मराठी माणसेही गेली. मळेवाल्यांस माणसे मोजून हवी होती, म्हणून प्रत्येकास नंबर दिला गेला. नाव, बापाचे नाव, वय, गाव, उंची, अंगावरील खुणा लिहिल्या गेल्या आणि पुढे छायाचित्रेही घेतली गेली. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेले आहे. ज्या वहीत पणजोबाची उंची त्याला राबवून घेण्यासाठी मोजली, त्याच वहीतून आज पणतू त्याचे कोकणातले गाव शोधून काढतो. मालकाचे दप्तरही उलटून वाचता येते, हे या उदाहरणावरून शिकावे.

स्वीडनमध्ये १९७८ साली स्व्हेन लिंडक्विस्ट या लेखकाने एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचा अर्थ, 'उभा आहेस तेथे खण'. कारखान्यांचे इतिहास मालकांच्या पैशाने आणि मालकांच्या गौरवासाठी लिहिले जातात. आपल्या कामाचे खरे तज्ज्ञ कामगार आहेत, तेव्हा त्यांनीच आपल्या कारखान्याचा शोध घ्यावा, हे त्याचे म्हणणे. जुनी दप्तरे कोठे पाहावयाची, वडीलधाऱ्यांना काय विचारावयाचे, हे त्याने रीतसर समजावून सांगितले आणि कामगारांची अभ्यासमंडळे त्यावर चालली. इंग्लंडात ऑक्सफर्डला रस्किन कॉलेज हे कामगारांसाठी १८९९ साली निघालेले विद्यालय आहे. तेथे राफाएल सॅम्युएल या शिक्षकाने १९६० नंतरच्या दशकात इतिहासाची शिबिरे भरविली, आणि खाणीत, रेल्वेत काम केलेली माणसे त्यांत आपल्या धंद्याचा इतिहास वाचू लागली. आपल्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग बसविला, हे आम्ही सर्व अभिमानाने सांगतो आणि सांगितलेच पाहिजे. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या गावच्या मागांवर जे हजारो हात चालले, त्यांची नावे लिहिण्याचे काम आपले आहे.

हे काम केवळ समाधानासाठी करावयाचे नाही. आज महाराष्ट्रात जातीचा दाखला काढावयाचा तर अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा पुरावा दाखवावा लागतो. जो एका गावी राहिला त्याला तो सापडतो. ज्याचा बाप ऊसतोडीला, खाणीवर, वीटभट्टीवर फिरत राहिला, त्याने तो कोठून आणावा? २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा तहसील कचेऱ्यांतील जुने कागद वाचण्यासाठी मोडी जाणणाऱ्यांना कसा भाव आला, ते आपण पाहिलेच. गरज पडल्यावर विहीर खणण्यापेक्षा घरोघर थोडे आधीच लिहून ठेवलेले बरे.

मग सुरुवात कोठून करावी? आमचा अनुभव सांगतो. प्रथम वही घ्यावी आणि घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे. पुरुष नोकरीच्या तारखा सांगतात. बायका बाळंतपणे, दुष्काळ आणि स्थलांतरे सांगतात, आणि साल ठरविण्यास ती अधिक उपयोगी पडतात. मग कागदांकडे वळावे. प्राथमिक शाळेच्या रजिस्टरात वडिलांचे नाव आणि जन्मतारीख मिळते. जन्मतारीख अंदाजाची असते, हे ध्यानात ठेवावे. तलाठी दप्तरात फेरफार आणि वारस नोंदी असतात. कोतवाल बुकात जन्ममृत्यू असतात, जुने असल्यास मोडीत. युनियनच्या पावत्या, विम्याची कार्डे, फंडाच्या चिठ्ठ्या फेकू नयेत. छायाचित्राच्या मागे कोण, कोठे, केव्हा, हे पेन्सिलीने लिहावे. शाई पुढल्या बाजूस उतरते. मोबाइलवर आवाज घेतला तर उत्तमच, पण बोलणाऱ्याला विचारून घ्यावा.

मग मेळावा भरवावा. त्याला मंगल कार्यालय लागत नाही. जत्रेचा दुसरा दिवस, वर्षश्राद्धाची दुपार, चाळीचा जिना, काहीही चालते. आडनाव एकच असले पाहिजे असेही नाही. एका खात्यात काम केलेल्यांची मुले, एका गाळ्यात राहिलेल्यांची मुले, हेही एक कूळच आहे. लेकींना आणि त्यांच्या मुलांना बोलवावेच. आठवणी त्यांच्याकडे गेलेल्या असतात.

दोन गोष्टींपासून मात्र जपले पाहिजे. एक म्हणजे आपले कूळ ओढून ताणून एखाद्या राजघराण्यास नेऊन भिडविण्याचा मोह. दुसरी गोष्ट म्हणजे कमीपणा वाटेल ते गाळण्याची खोड. कर्ज, व्यसन, घर सोडून गेलेला भाऊ, टाकलेली बहीण, संपात मागल्या दाराने कामावर गेलेला काका हे सारे गाळले तर उरते ती नावांची यादी. ती हेळव्याकडे आहेच. अर्थात जी गोष्ट जिवंत माणसाला दुखवील ती त्याला विचारूनच लिहावी, आणि तो नको म्हणाला तर थांबावे.

ज्या तरुणाच्या प्रश्नापासून हे सुरू झाले, त्याने पुढे काय केले ते सांगून संपवितो. सुटीच्या दिवशी त्याने आपल्या आईला आणि निपाणीहून आलेल्या मावशीला कचेरीत आणले. दोघी बहिणी तीन तास बोलत होत्या, अधूनमधून भांडतही होत्या. वही त्याच्या हाती होती. संध्याकाळी त्याने ती आम्हांस दाखविली. आज्याच्या पलीकडे दोन नावे मिळाली होती. त्यांतले एक त्याच्या पणजीचे होते. ती तंबाखूच्या वखारीत कामाला जात असे, एवढे त्यापुढे लिहिलेले होते, आणि पुढची ओळ त्याने मोकळी सोडली होती.